साडूचा हत्ती, आपला ससा

निरीक्षकांच्या संसारात हत्ती शिरला तो दातांच्या दवाखान्यातून, आणि तोही साडूच्या शर्टाच्या खिशात बसून.

खरं म्हणजे त्या दिवशी निरीक्षक आधी पोहोचले होते. वजनमापे खात्यातला माणूस. दुसऱ्यांची मापं तपासतो, तो स्वतः वेळेच्या मापात कमी पडेल कसा? पण आतून बोलावणं आलं ते साडूला. साडू आत गेला, हसत बाहेर आला आणि त्याने खिशातून एक चिमुकली पुडी काढून सगळ्या दवाखान्यासमोर नाचवली. "मिळाले बुवा रबर! आता तारांवर वरच्या सुळ्याच्या आकड्यापासून खालच्या दाढेच्या आकड्यापर्यंत ताणून लावायचे. दात कसे झपझप मागे!" पुडीवर हत्तीचं चित्र होतं. मग निरीक्षक आत गेले. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्याही हातात तशीच पुडी होती, फक्त तिच्यावर ससा होता.

निरीक्षकांनी पुडी उलटी करून पाहिली. मागेही ससाच होता.

हा साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला सगळे 'राजे' म्हणतात. राज्य कुठलं, गेलं कधी, हे कोणी विचारत नाही. राजेंचं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. निरीक्षकांनी एकदा स्वतः जाऊन त्या दुकानातली मीटरपट्टी तपासली होती. पट्टी बरोबर निघाली, केसभरही कमी नाही. इतकं वाईट त्यांना नोकरीत कधीच वाटलं नव्हतं.

राजेंची ख्याती त्यांच्या हसण्याची. कधीही बघा, चेहरा हसरा. "हसू बघा राजेंचं," असं निरीक्षकांची बायको म्हणे, आणि म्हणता म्हणता निरीक्षकांकडे अशा नजरेने बघे की जणू घरातला पंखा बंद आहे आणि शेजाऱ्यांचा चालू आहे. निरीक्षक हसत ते ओठ मिटून. त्यांचे वरचे दात पुढे होते आणि ते दाखवण्यापेक्षा गंभीर दिसणं परवडलं, असं त्यांनी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. खात्यात ते गांभीर्य कामी येई. घरात मात्र अल्बममध्ये सगळीकडे ते पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे दिसत.

अशा परिस्थितीत राजेंनी जाहीर केलं की ते दातांना तारा लावून घेणार. "या वयात! धाडस लागतं हो," बायको म्हणाली. निरीक्षकांनी ताट बाजूला सारलं. आधीच हा मनुष्य हसण्यात पुढे, त्यात दात सरळ झाले म्हणजे मग याला आवरणार कोण? महिन्याच्या आत निरीक्षकही त्याच डॉक्टरबाईंच्या त्याच खुर्चीत तोंड वासून पडले. डॉक्टर तीच का, असं बायकोने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बाई हुशार आहेत." खरं कारण असं होतं की दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं तर राजे किती पुढे गेले हे कळलं नसतं.

तर ससा.

"माझ्या बाबतीत काही चूक झालेली दिसते," निरीक्षक काउंटरवरच्या बाईंना म्हणाले. "त्यांना हत्ती दिलात."

"त्यांना हत्तीच लिहिलाय."

"मग मला ससा का?"

"तुम्हाला ससा लिहिलाय."

"ते मला दिसतंय. मी तत्त्व विचारतोय."

काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, चित्रं असतात ती. रबराचा आकार आणि जोर ओळखायला. कोणाला कोल्हा, कोणाला पोपट. परवा एका वकिलांना खार दिली, काही बोलले नाहीत."

निरीक्षकांनी 'आकार आणि जोर' एवढंच ऐकलं आणि त्यातलाही 'आकार' वाटेत गळून गेला. म्हणजे जोराचाच प्रश्न होता. राजेंना हत्तीचा जोर आणि आपल्याला सशाचा. ज्या माणसाने आयुष्यभर गिऱ्हाइकांना पुरेपूर माप मिळावं म्हणून उन्हातान्हात पायपीट केली, त्याच्याच पदरात हे माप. त्यांना हेवा वाटला. त्याला दुसरं भारदस्त नाव देण्यात अर्थ नाही.

या सगळ्या गडबडीत डॉक्टरबाईंनी सांगितलेली एक गोष्ट त्यांच्या कानावरून वाऱ्यासारखी गेली. डॉक्टरबाईंची पद्धत अशी होती की रोग्याच्या तोंडात आरसा, चिमटा आणि लाळ ओढायची नळी एकदम घातल्याशिवाय त्यांना महत्त्वाचं बोलायला सुचत नसे. "रबर सकाळ-संध्याकाळ बदलायचं हं," त्या म्हणाल्या होत्या. "ताणून ठेवलेलं रबर थकतं. तोंडातली ऊब, लाळ, बोलणं, जांभया. दिसायला तसंच दिसतं, पण जोर जातो. सगळ्यात जास्त पहिल्या काही तासांतच जातो. लक्षात राहील ना?" निरीक्षक "आँ" म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं की हे पटत नाही, पण "आँ"मध्ये तेवढा तपशील बसला नाही.

आणि पटणार तरी कसं? निरीक्षकांच्या घरात धडकं रबर टाकून देण्याची रीत नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला रबरांचा एक घोस लटकलेला असे. औषधांच्या पुड्यांचे, कागदांच्या भेंडोळ्यांचे, पिशव्यांच्या तोंडांचे. रबर तुटलं की त्याला गाठ मारत आणि गाठीला जागा उरली नाही की मगच त्याचा निरोप घेत. या घरात जे रबर तुटलेलं नाही ते चांगलं, हे इतकं उघड होतं की कोणी ते कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी याला दुजोरा दिला. पोस्टमास्तरांचा रबराचा अनुभव मोठा. जन्मभर पत्रांचे गठ्ठे बांधलेले. "रोज बदला? कशाला?" ते कठड्यावर हात टेकून म्हणाले. "आमच्याकडे एकेक रबर साहेबाची बदली होईपर्यंत टिकायचं. हे सगळं खपवायचे धंदे. तुम्ही असं करा, रात्री काढून ठेवा, थोडी पावडर लावा. सायकलच्या ट्यूबला लावतात तशी."

निरीक्षकांनी पावडर लावली. दुसऱ्या दिवशी दिवसभर त्यांना आपण कोणाच्या तरी गालाचा मुका घेतल्यासारखं वाटत होतं. बायकोनेही एकदोनदा संशयाने वास घेतला. पावडर बंद झाली, पण रबर तेच राहिलं. तोच ससा, उजवीकडे एक आणि डावीकडे एक. जेवताना काढायचा, बशीच्या कडेला ठेवायचा, जेवण झालं की पुन्हा जागेवर. आठवडा उलटला, ससा हूं की चूं करेना. "बघ," निरीक्षक बायकोला म्हणाले. "माल चांगला आहे. वापरणारा पाहिजे."

माल चांगला होता हे एका किराणा दुकानात सिद्ध झालं. निरीक्षक तपासणीला गेले होते. दुकानदाराचा काटा किंचित जास्त दाखवत होता आणि निरीक्षक त्याला गेली कित्येक वर्षं प्रत्येक दुकानदाराला सांगत आलेलं भाषण सांगत होते. "काटा दिसायला तसाच असतो शेठ. पण आतली स्प्रिंग वापरून वापरून थकते. म्हणून दर वर्षी तपासून शिक्का मारून घ्यायचा. तुटेपर्यंत वाट बघायची नसते." हे बोलताना त्यांनी आवाज चढवला, जबडा जरा जास्तच उघडला गेला आणि डाव्या बाजूचा ससा सुटला. तो थेट साखरेच्या उघड्या पोत्यात गेला.

दुकानदार सज्जन होता, हेच दुर्दैव. तो हसला असता तर निरीक्षकांनी त्याच्यावर खटला भरला असता. तो हसला नाही. त्याने चाळणी मागवली. "साहेब, सरकारी वस्तू आहे, शोधलीच पाहिजे," असं म्हणून त्याने अख्खं पोतं चाळायला घेतलं. गिऱ्हाइकं जमली. कोणी विचारी काय हरवलं, कोणी म्हणे अंगठी, कोणी म्हणे हिरा. निरीक्षक ओठ मिटून आभाळाकडे बघत उभे राहिले. ससा सापडल्यावर दुकानदाराने तो कागदावर ठेवून अदबीने पुढे केला. निरीक्षकांनी धुऊन पुन्हा लावला. त्या दुकानाचा काटा त्यांनी तपासून पास केला की नाही, हे त्यांना नंतर आठवेना.

एवढं होऊनही, आपण दुकानदाराला जे सांगितलं तेच डॉक्टरबाईंनी आपल्याला सांगितलं होतं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. माणसाला दुसऱ्याची स्प्रिंग दिसते.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी दोघांच्याही दातांवर लहानशी पट्टी लावून पाहिली. राजेंना म्हणाल्या, "वा! छान सरकलेत." निरीक्षकांना म्हणाल्या, "हं." हा 'हं' निरीक्षक घरी घेऊन आले. पाठोपाठ बायकोला धाकटीचा फोन आला आणि बायको बोलत बोलत हॉलभर फिरली. "काय सांगतेस! इतक्यात? राजेंचं सगळंच बाई झटपट." मग फोन ठेवून म्हणाली, "बाबांच्या पंचाहत्तरीला ग्रुप फोटो काढायचाय. राजे तोवर नक्की तयार होतील. तुमचं बघा बाई. निदान या फोटोत तरी हसा. माझ्याकडे तुमचा हसतानाचा एकही फोटो नाही."

हे मात्र निरीक्षकांना लागलं. चेष्टेत बोलली असती तर त्यांनी सोडून दिलं असतं. पण शेवटचं वाक्य ती चेष्टेत बोलली नव्हती. त्यांनी ठरवलं की फोटोत हसायचं आणि राजेंपेक्षा चांगलं हसायचं. सासऱ्यांच्या वाढदिवसाला अजून अवकाश होता. प्रश्न फक्त जोराचा होता.

पहिला उपाय त्यांनी दोन ससे एकदम लावण्याचा केला. मग हिय्या करून तिसराही लावला. सकाळी ते ऑफिसला निघाले तेव्हा बरे होते. दुपारपर्यंत जबडा असा आवळला की चहा पिताना बशी तोंडाला लावायची सोय राहिली नाही. साहेबांनी काही विचारलं, निरीक्षक "म्" म्हणाले. साहेबांनी पुन्हा विचारलं, निरीक्षक पुन्हा "म्" म्हणाले. हा माणूस आपल्याशी असहकार करतो आहे, असा साहेबांचा समज झाला. घरी आल्यावर बायको म्हणाली, "आज किती शांत वाटतंय नाही?" दात असे ठणकत होते की जेवणाला पातळ भात कालवून घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी निरीक्षक पुन्हा एकेका सशावर आले, तेही त्याच जुन्या.

दुसरा उपाय जरा निराळ्या प्रकारचा होता. एका रविवारी धाकटीकडे जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर निरीक्षक हात धुवायला गेले. बेसिनच्या वरच्या फळीवर आरशापाशी एक लहानशी काचेची वाटी होती आणि वाटीत हत्तीछाप रबरांचा ढीग होता. त्यांनी दाराला कडी घातली. आयुष्यात त्यांनी टाचणीदेखील सरकारी आहे म्हणून घरी आणली नव्हती. पण हे वेगळं होतं. ज्या मापात आपल्याला डावललं गेलं ते आपण पुरं करून घेतो आहोत, असं त्यांनी आरशातल्या माणसाला समजावलं. आरशातल्या माणसाला ते लगेच पटलं. त्यांनी वाटी रुमालात रिकामी केली. बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "भाऊजी, पोट ठीक आहे ना? फार वेळ लागला." निरीक्षक ओठ मिटून हसले.

त्या दिवसापासून निरीक्षकांच्या तोंडात हत्ती झुलू लागले. त्यांची चाल बदलली. ऑफिसात ते विनाकारण खिडकीपाशी उभे राहू लागले. पण दिवसामागून दिवस गेले आणि दात मात्र जागचे हलले नाहीत. उलट रबर इतकं मऊ लागे की लावलंय की नाही हे जिभेने चाचपून बघावं लागे. हत्तीसारखा हत्ती, आणि असा ढिम्म?

तेव्हा त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. तपासल्याशिवाय काही मानायचं नाही, हे खात्याचं ब्रीद. ऑफिसात सोनारांचे काटे तपासायची नाजूक वजनं होती. ती वापरायला साहेबांची परवानगी लागे. साहेब आधीच असहकारामुळे दुखावलेले. "तपासणी कशाची?" त्यांनी विचारलं.

"रबराची."

"रबर वजन आहे की माप?"

"दोन्ही नाही, साहेब. दाताचं आहे."

"मग ते आपल्या अखत्यारीत कसं येतं? त्या रबराने काही विकता का तुम्ही?"

यावर अर्धा तास चर्चा झाली. लेखापाल म्हणाले, दात ही खासगी मालमत्ता. टंकलेखिका म्हणाल्या, पण ग्राहक म्हणून निरीक्षकांची फसवणूक झाली असेल तर? तेव्हा साहेबांनी दार लोटून घेतलं, स्वतःचा वरचा ओठ बोटाने उचलून दाखवला आणि हळूच विचारलं, "माझं काही होईल का हो? बाई फी फार घेतात का?" परवानगी मिळाली. सगळं ऑफिस टेबलाभोवती गोळा झालं.

निरीक्षकांनी फळीवर दोन खिळे मारले. एका खिळ्याला रबर अडकवलं, रबराला चिमुकलं पारडं टांगलं आणि रबर दुसऱ्या खिळ्यापर्यंत ताणायला किती वजन लागतं ते बघायला सुरुवात केली. आधी पुडीतला कोरा ससा. त्याने एकामागून एक वजनं पेलली आणि मोठ्या नाखुषीने खाली आला. ऑफिसने "अरे वा" म्हटलं. मग वाटीतला हत्ती लावला. निम्म्या वजनाच्या आतच तो खिळ्यापर्यंत येऊन लोंबकळला. दुसरा हत्ती लावला, तोही तसाच. तिसरा तर पारड्याच्याच वजनाने सुस्कारा सोडून मोकळा झाला.

निरीक्षकांना असा आनंद झाला की त्यांनी टंकलेखिकेला चहा पाजला. म्हणजे राजेंच्या हत्तीत दम नव्हता! ससाच खरा वाघ होता! मग तोंडातला ससा काढून त्यांनी तो सहज म्हणून टांगला. तोच, जो हूं की चूं न करता कित्येक दिवस टिकला होता, मग हत्तीचे दिवस आले तेव्हा डबीत विश्रांतीला गेला होता आणि आजच पुन्हा कामावर रुजू झाला होता. तोही तिसऱ्या हत्तीसारखाच लगेच खाली आला. निरीक्षकांनी वजनं मोजून पाहिली, पारडं पुसून पाहिलं, फळी उलटी करून पाहिली. मग कोरा ससा दोन्ही खिळ्यांमध्ये ताणून, फळीसकट कोमट पाण्यात बुडवून ठेवला. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याला पारड्याला टांगलं. दिसायला तो सकाळी होता तसाच होता, चकचकीत, गोल, अखंड. जोर मात्र बराच गेला होता. संध्याकाळी आणखी थोडा गेला.

"थकलंय," लेखापाल म्हणाले. "आपल्याकडे सोमवारी होतं तसं."

निरीक्षकांनी फळीवरचे खिळे उपटून काढले. वापरलेलं रबर दमतं, एवढं त्यांना आता स्वतःच्या वजनांनी सांगितलं होतं. पण मग राजेंचे हत्ती कोरे असून दमलेले कसे, हे कोडं सुटेना. त्याचं उत्तर त्यांना दवाखान्यात, भरल्या बाकांसमोर मिळालं.

"साडूभाऊ, एक गंमत सांगतो," राजे पाय पसरून म्हणाले. आवाज असा की गल्लीतल्या माणसालाही गंमत कळावी. "मी रोज दोनदा रबर बदलतो ना, ते जुने बेसिनमध्ये टाकायचो. बेसिन तुंबलं. बायकोने तंबी दिली. मग मी वापरलेले सगळे एका वाटीत टाकायला लागलो, म्हटलं महिन्याने फेकू. तर एक दिवस वाटी रिकामी! मी नाही टाकले, ती म्हणते तिने नाही टाकले. आता मला सांगा, माझ्या तोंडातून काढलेले उष्टे रबर कोण पळवेल? अं? साडूभाऊ? अहो, कुठे निघालात?"

निरीक्षक चूळ भरायला निघाले होते. त्यांनी बेसिनपाशी उभं राहून इतक्या चुळा भरल्या की काउंटरवरच्या बाई येऊन नळ बंद करून गेल्या. आत डॉक्टरबाईंनी त्यांचे दात पाहिले, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडात काहीही न घालता बोलल्या. "रबर बदलता का?"

"तुटलं की बदलतो," निरीक्षक म्हणाले.

"काका, ते तुटायची वाट बघत नाहीत. तुटायच्या कितीतरी आधी ते नुसतं शोभेला उरलेलं असतं." मग हळूच म्हणाल्या, "आणि तुमच्या मागच्या आकड्यात अडकलेला हा तुकडा सशाचा नाही, हत्तीचा आहे."

निरीक्षकांनी डोळे मिटून घेतले.

त्या दिवसापासून त्यांच्यासारखा रोगी डॉक्टरबाईंना मिळाला नसेल. सकाळी ताजा ससा, संध्याकाळी ताजा ससा. जुना थेट कचऱ्यात. पहिलं धडकं रबर कचऱ्यात गेलं तेव्हा पोस्टमास्तरांनी तर दोन दिवस बोलणं सोडलं. पण दात हलले. हळूहळू वरचे मागे आले, खालच्यांना भेटले. घरात कोणी नसताना निरीक्षक आरशासमोर हसून बघू लागले. आधी भीत भीत, मग जरा सढळ.

पंचाहत्तरीचा दिवस उजाडला. सासऱ्यांच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, फोटोग्राफर दिवे लावत होता. दोघे साडू कोपऱ्यातल्या सोफ्यावर शेजारी शेजारी बसले होते. निरीक्षकांनी राजेंकडे चोरून पाहिलं आणि त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. राजे हसत नव्हते. ओठ मिटलेले, नजर स्थिर. दिवाणखान्यातल्या तसबिरीतला माणूस खाली उतरून बसल्यासारखे दिसत होते.

"बरं नाही का?" निरीक्षकांनी विचारलं.

"उत्तम आहे," राजे म्हणाले. "मिटतं आता तोंड. त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला. अहो, माझे दात असे पुढे की ओठ मिटायचेच नाहीत. जग म्हणायचं, काय हसरा माणूस! मी कुठला हसतोय? मयताला गेलो तरी लोक म्हणायचे, हा का हसतोय. आणि घरी आमची बायको रोज तुमचं कौतुक. 'भाऊजी बघा कसे गंभीर. कसा रुबाब आहे! नाहीतर तुम्ही.' ऐकून ऐकून कान किटले हो. म्हटलं, आता साडूभाऊंसारखं तोंड मिटूनच दाखवतो."

निरीक्षक थक्क झाले. ज्या माणसाच्या हसण्यावर ते इतकी वर्षं जळत होते तो हसतच नव्हता, आणि वर त्यांच्यावर जळत होता! त्यांच्या मनात गुदगुल्या झाल्या. आपला कोणी हेवा करतं हे सुख त्यांना नवीन होतं. पण ते पुरतं चाखायच्या आतच दुसरा विचार आला. आपल्याकडे रुबाब होता आणि तो आपण सकाळ-संध्याकाळ रबरं बदलून हाकलून लावला. आता तो शेजारी बसला आहे.

तेवढ्यात मागच्या स्वयंपाकघरातून दोघी बहिणींचं बोलणं ऐकू आलं. खिडकी उघडी होती.

"ताई, तुझी युक्ती लागू पडते गं," धाकटी म्हणत होती. "पण टिकत नाही. 'भाऊजी किती रुबाबदार' म्हटलं की दोन दिवस हे माझ्या अवतीभवती. काय हवं, काय नको. तिसऱ्या दिवशी पुन्हा डोकं पेपरात."

"नाहीच टिकत," निरीक्षकांची बायको म्हणाली. "पूर्वी राजेंचं एकदा नाव काढलं की आठवडाभर पुरायचं. माझ्याशी बोलायचे, माझ्याकडे बघायचे. हल्ली सकाळचं संध्याकाळपर्यंत ढिलं पडतं. मी आता रोज नवीन काढते."

"रोज नवीन काय काढायचं बाई?"

"हसू झालं, दात झाले, दुकान झालं. आज शर्ट काढते."

सोफ्यावर दोघे साडू एकमेकांकडे बघत राहिले. राजेंच्या मिटलेल्या ओठांचे कोपरे थरथरले. निरीक्षकांनी घसा साफ केला. "राजे," ते म्हणाले, "आपण दोघं गाढव आहोत."

"शंकाच नाही," राजे म्हणाले. "पण आता कळलं ना? आता नाही फसायचं."

"मुळीच नाही." दोघांनी हातावर हात मारला. निरीक्षकांना फार हलकं वाटलं.

फोटोग्राफरने सगळ्यांना बोलावलं. सासरे मधोमध बसले, माणसं दाटीवाटीने उभी राहिली. बायको पदराला हात पुसत बाहेर आली, तिने दोघांकडे पाहिलं आणि थांबली.

"अय्या राजे! शर्ट काय सुरेख आहे हो तुमचा! रंग कसा खुलून दिसतोय."

निरीक्षकांना सगळं ठाऊक होतं. खिडकीतून ऐकलेलं कानात ताजं होतं, हातावर मारलेला हात अजून गरम होता. तरीही तोच जुना हेवा उठला, नवा कोरा, आणि त्यांनी मान खाली घालून स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. शर्ट राखाडी होता. गेली कित्येक वर्षं राखाडीच होता. त्यांनी मान वर केली. बायको शर्टाकडे बघतच नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती, काटा किती हलला ते बघावं तशी.

तेव्हा निरीक्षकांना हसू फुटलं. मोठं, तारांसकट, आवरता न येणारं. "रेडी!" असं फोटोग्राफर ओरडला आणि दिवा चमकला.

फोटो बायकोने फ्रेम करून हॉलमध्ये लावला आहे. त्यात राजे अत्यंत रुबाबदार दिसतात. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. निरीक्षक तेवढे बायकोकडे बघून तोंडभर हसताहेत, आणि फोटो भिंतीवर चढायच्या आत त्यांनी राजेंच्या शर्टासारखंच कापड आणून शिंप्याकडे टाकलेलं होतं.